सिरॉसिस असलेल्या वडिलांना समुद्रावर नेताना : कच्ची कालवं, खारं पाणी आणि टाचेची भेग

अमळनेरहून एका मुलाने विचारलं आहे : "वडील ५८ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी लिव्हर सिरॉसिसचं (लिव्हर आतून कडक होत जाण्याचं) निदान झालं. एकदा पोटात पाणी झालं होतं, आता गोळ्यांवर ठीक आहेत. दिवाळीनंतर सगळं घर चार दिवस दापोली-हर्णैला जाणार आहे. सुरतचे मामा म्हणतात, ताजी कालवं (ऑयस्टर) लिंबू पिळून कच्ची खाल्ली की लिव्हरला ताकद येते. आत्या म्हणते, लिव्हरच्या माणसाला मासा म्हणजे विष. आप्पांचं स्वतःचं म्हणणं एवढंच की आयुष्यात एकदा समुद्रात पाय बुडवायचेत. टाचांना भेगा आहेत, कापूस वेचणी चालू आहे. काय करू?"

थोडक्यात उत्तर असं. सहल रद्द करू नका. कच्चं काहीही आप्पांच्या तोंडात जाऊ देऊ नका. आणि टाचेची भेग उघडी असेल तर पाय पाण्यात नकोत. पण एवढ्याने भागणार नाही, कारण घरातली मोठी माणसं कारण पटल्याशिवाय ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चूकही नाही. म्हणून कारणांसकट लिहितो.

मी जळगावला बावीस वर्षं पोटाचे आणि लिव्हरचे पेशंट बघतो. आपल्या भागात सिरॉसिसच्या माणसाला आम्ही डॉक्टर काय सांगतो? दारू पूर्ण बंद, मीठ कमी, गोळ्या चुकवू नका, एंडोस्कोपीची तारीख पाळा. समुद्राचा विषयच निघत नाही, कारण समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. मीही पहिली काही वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. एका पेशंटनंतर सांगायला लागलो.

त्याला बरीच वर्षं झाली. पन्नाशीतले शेतकरी, सिरॉसिस होता पण तब्येत स्थिर होती. सुरतेला लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसोबत जवळच्या किनाऱ्यावर गेले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पायाला शिंपली लागून बोटाच्या पेराएवढं कापलं. "काही व्हत नही," म्हणून त्यांनी त्यावर रुमाल बांधला. रात्री पिंढरी दुखायला लागली. तिथल्या एका दवाखान्यात चालून दुखत असेल म्हणून दुखण्याचं इंजेक्शन मिळालं. सकाळच्या गाडीने ते निघाले आणि संध्याकाळी माझ्याकडे आले, तेव्हा पिंढरी दगडासारखी घट्ट, त्यावर जांभळट डाग, आणि दोन फोड काळसर पाण्याने भरलेले. ताप नव्हता. नाडी ७२. वरवर बघणाऱ्याला वाटलं असतं, फारसं काही नाही. पण वरचं ब्लडप्रेशर ८० होतं, आणि नाडी वाढली नव्हती ती केवळ प्रोप्रॅनोलॉल ही नाडी संथ ठेवणारी गोळी चालू होती म्हणून. रात्रीच सर्जनने पाय उघडला. तिसऱ्या दिवशी ते गेले. रक्ताच्या कल्चरचा (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट त्यानंतर आला.

त्या जंतूचं नाव व्हिब्रिओ व्हल्निफिकस. कॉलऱ्याच्या जंतूचाच हा भाऊबंद. लॅटिनमध्ये 'व्हल्निफिकस' म्हणजे जखम करणारा. याची ओळख वैद्यकाला तशी अलीकडची, १९७०च्या दशकातली. आणि त्या सुरुवातीच्या पेशंटांमध्येच दिसून आलं की कच्ची कालवं खाऊन रक्तात जंतू पसरलेल्यांपैकी बहुतेकांना आधीपासून लिव्हरचा आजार होता.

मामांना पहिली गोष्ट ही सांगा की हा घाणीचा जंतू नाही. गटाराच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. स्वच्छ, निळ्या, सुंदर समुद्रातही तो राहतो, कारण ते त्याचं घरच आहे. त्याला कोमट आणि मध्यम खारं पाणी आवडतं, म्हणजे जिथे नदी समुद्राला मिळते ती खाडी. आपलीच तापी सुरतेजवळ अशी समुद्राला मिळते. दापोलीच्या दोन अंगांना सावित्रीची बाणकोट खाडी आणि वाशिष्ठीची दाभोळ खाडी आहे. कालवं खाडीच्या खडकांना चिकटून वाढतात आणि दिवसभर पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. पाणी निघून जातं, जंतू कालवात साचतात. ज्या कालवात हा जंतू आहे ते कालव दिसायला, वासाला, चवीला चांगल्या कालवासारखंच असतं. "समोर फोडून दिलं, एकदम ताजं होतं," या खात्रीचा म्हणूनच इथे उपयोग नाही. लिंबाने तो मरत नाही, तिखटाने नाही, सोबत घेतलेल्या दारूनेही नाही. बर्फात ठेवून त्याची वाढ थांबते, जंतू राहतो. मरतो तो शिजवल्यावर.

पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की हा वाढतो. अमेरिकेत बहुतेक केसेस मे ते ऑक्टोबर या गरम महिन्यांत होतात. आपल्या कोकणचा समुद्र मात्र थंडीतही २० च्या खाली जात नाही. त्यामुळे "आता थंडी आहे, चालेल" हा हिशोब तिकडचा, इकडे तो लागू नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या पाण्यात आणि कालवांत हा जंतू सापडलेला आहे.

आता मुख्य प्रश्न. तीच कालवं मामांनी खाल्ली तर बहुधा दोन दिवस जुलाब, आणि आप्पांनी खाल्ली तर जिवावर, हे कसं?

आतड्यांतून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल शिरेतून लिव्हरमध्ये येतं. तिथे जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. जेवणाबरोबर आलेले कितीतरी जंतू रोज तिथेच संपतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. सिरॉसिसमध्ये लिव्हर आतून कडक होतं आणि रक्ताला वाट मिळत नाही. पाटाची चारी गाळाने भरली की पाणी बांध फोडून दुसऱ्याच्या शेतातून निघतं, तसं हे रक्त लिव्हरला वळसा घालून आडवाटेने अंगात शिरतं. (अन्ननलिकेत ज्या फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीत दिसतात, ती अशीच एक आडवाट.) म्हणजे जंतूची झडती जिथे व्हायची तिथून तो जातच नाही. त्यात सिरॉसिसमध्ये पांढऱ्या पेशींचा जोर कमी असतो, आणि जंतूला चिकटून त्याला मारायला मदत करणारी रक्तातली प्रथिनं लिव्हरच बनवतं, तीही कमी पडतात.

तिसरं कारण लोहाचं. या जंतूला वाढायला लोह लागतं. निरोगी शरीर लोह मोकळं सोडत नाही, प्रथिनांत बांधून ठेवतं. लिव्हरच्या आजारात, त्यातही दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये, हा बंदोबस्त ढिला होतो आणि जंतूच्या हाती लोह लागतं. मग तो तासातासाला वाढतो. म्हणून एक उपसूचना : रक्त वाढावं म्हणून मेडिकलवरून आणलेल्या लोहाच्या गोळ्या आप्पांना चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा. कमतरता तपासणीत सिद्ध झाली असेल तर घ्यायच्याच आहेत, पण मनाने नाही.

फ्लोरिडात १९८१ ते १९९२ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. कच्ची कालवं खाणाऱ्यांमध्ये लिव्हरचा आजार असलेल्यांना, तो नसलेल्यांच्या तुलनेत, हा आजार होण्याचं प्रमाण सुमारे ८० पट आणि मरण्याचं प्रमाण २०० पटींहून जास्त निघालं. हा संसर्ग झालेल्या एकूण माणसांपैकी साधारण पाचातला एक दगावतो, काही जण दुखणं सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांत. खाण्यातून जंतू थेट रक्तात पसरला तर निम्म्याहून जास्त. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये नियम केला की मेक्सिकोच्या आखातातली उन्हाळी कालवं जंतू मारणारी प्रक्रिया केल्याशिवाय कच्ची विकायची नाहीत. त्यानंतर त्या राज्यात अशा कालवांमुळे होणारे मृत्यू जवळपास थांबले. नुसत्या सावधगिरीच्या पाट्या आधी वर्षानुवर्षं लावलेल्या होत्या, त्यांनी फारसा फरक पडला नव्हता.

तुम्हाला घाबरवायचं नाही. हा आजार दुर्मिळ आहे. सिरॉसिसचे बहुतेक पेशंट समुद्रावर जाऊन सुखरूप परत येतात. पण एकीकडे वाटीभर कच्ची कालवं न खाणं आहे आणि दुसरीकडे दोन दिवसांत माणूस जाणं. मी पहिल्या बाजूलाच उभा राहीन.

कच्च्या शिंपल्यांतून येणारा दुसराही एक धोका आहे, हिपॅटायटिस ए. शांघायमध्ये १९८८ साली अर्धवट शिजवलेल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या खाऊन सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली होती. धडधाकट माणूस या काविळीतून महिन्या-दीड महिन्यात उठतो. सिरॉसिसच्या माणसाचं लिव्हर आधीच बरंचसं निकामी झालेलं असतं, त्याला ही वरची कावीळ झेपत नाही. आपल्याकडे लहानपणीच ही कावीळ होऊन गेलेले खूप जण असतात, म्हणून आप्पांची अँटीबॉडी तपासून घ्या आणि नसेल तर लस द्या. सहलीआधी त्यासाठी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा हिपॅटायटिस बी च्या लसीचंही विचारा.

मग खायचं काय? आत्यांच्या बोलण्याकडे वळतो, कारण मामांच्या सल्ल्याने जेवढं नुकसान होईल त्याहून जास्त नुकसान मी आत्यांच्या सल्ल्याने झालेलं पाहिलं आहे. सिरॉसिस म्हटलं की आपल्याकडे घरचे लोक मासे बंद, अंडी बंद, डाळ पातळ, दूध पातळ करून टाकतात. सहा महिन्यांत माणसाच्या दंडाचं मांस उतरतं, मांड्या सुकतात, पोट तेवढं पुढे. सिरॉसिसच्या माणसाला प्रथिनं निरोगी माणसापेक्षा जास्त लागतात, वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. आप्पा ६० किलोचे असतील तर ७२ ते ९० ग्रॅम. १०० ग्रॅम शिजलेल्या माशातून साधारण २० ग्रॅम मिळतात. नीट शिजवलेली सुरमई, पापलेट, बांगडा, किंवा आपल्याकडचा रोहू, मरळ, हे सगळं आप्पांना चालतं. चालतं म्हणजे काय, हवंच आहे. आत्यांना हे माझ्या नावाने सांगा.

माशात जपायचं ते मीठ. पोटात पाणी होऊन गेलेल्या माणसाला दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. बाजारातली सुकट, खारवलेले बोंबील, हॉटेलातलं लोणचं-पापड यातच तो संपतो. हर्णैच्या बंदरावर सुकी मासळी स्वस्त मिळते म्हणून पिशव्या भरून आणाल, तर त्या आप्पांसाठी नाहीत.

शिंपल्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. कालवं, तिसऱ्या, खुबे हे प्रकार सिरॉसिसच्या पेशंटने हॉटेलात खाऊच नयेत असं मी सांगतो. जंतू शिजवून मरतो हे खरंच, पण तव्यावर किती वेळ ठेवलं ते आपण बघायला जात नाही, आणि शिंपली जास्त शिजली की रबरासारखी होते म्हणून आचारी लवकर उतरवतो. घरगुती राहण्याच्या ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या ताई तुमच्या सांगण्याप्रमाणे करणार असतील तर नियम असा : शिंपलीसकट उकळत असाल तर तोंडं उघडल्यानंतर पुढे ३ ते ५ मिनिटं खळखळ उकळू द्यायचं, वाफेवर असेल तर ४ ते ९ मिनिटं. सोललेलं मांस किमान ३ मिनिटं उकळत्या पाण्यात. ज्यांचं तोंड उघडलं नाही त्या टाकून द्यायच्या. निखाऱ्यावर भाजून तोंड उघडताच खाल्लेलं कालव शिजलेलं धरू नका. तोंड उघडणं ही फक्त शिजायला सुरुवात झाल्याची खूण आहे, आणि हिपॅटायटिस ए चा विषाणू मारायला तर आतपर्यंत ९० अंश उष्णता दीड मिनिट लागते. आपल्याकडच्या काळ्या मसाल्याच्या रश्शात दहा मिनिटं उकळलं तर दोघांचाही प्रश्न मिटतो. चव थोडी गेली तरी आप्पांसाठी तेच करा. मासा, कोळंबी, खेकडा यांनाही "हाफ फ्राय" नको, काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटायला हवं.

एक जागा लोक विसरतात. कच्चे मासे ज्या विळीवर कापले त्याच विळीवर काकडी-कांदा कापला, तर जंतू कोशिंबिरीतून जातो. आणि कोळंबी सोलायला आप्पांना बसवू नका. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा, माशाच्या पराचा काटा बोटात घुसूनही हा संसर्ग झालेला आहे.

आता पाय.

खाण्यातून येणाऱ्या संसर्गाला एक दार आहे, ते तुम्ही बंद केलंत. त्वचेचं दार बंद करणं अवघड आहे, कारण ते दिसत नाही. काळ्या मातीत उभं आयुष्य गेलेल्या माणसाची टाच तुम्ही जवळून पाहिली आहे का? मी टॉर्च लावून बघतो. वरून कोरडी, पांढरट, लाकडासारखी दिसते. पण कड दोन बोटांनी अलगद फाकवली की तळाशी बारीक लाल रेघ दिसते. ती लाल रेघ म्हणजे उघडी जखम. पेशंटला विचारलं तर तो म्हणतो, जखम कुठे, भेगच आहे. हातांचंही तेच. तुमची सहल नेमकी वेचणीच्या हंगामात आहे. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला लागून बारीक चिरा पडलेल्या असतात. त्याच हातांनी माणूस किनाऱ्यावर शिंपल्या गोळा करतो.

म्हणून आजच आप्पांची टाच बघा. सहलीला तीन आठवडे असतील तर वेळ पुरेसा आहे. रोज रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मऊ टॉवेलने टिपून कोरडे, मग जाड थर व्हॅसलिन किंवा युरियाचं मलम, वर सुती मोजे. दगडाने घासू नका, ब्लेडने कड कापू नका, त्याने नवी जखम होते. शेतात अनवाणी नको. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा टॉर्चने बघा. लाल रेघ दिसत असेल, मोज्यावर डाग पडत असेल, पायावर सूज असून त्वचा ताणलेली आणि चकचकीत असेल, किंवा त्या आठवड्यात पोटातलं पाणी सुईने काढलं असेल, तर पाण्यात जायचं नाही. पाण्याला टिकणारी पट्टी लावून गेलं तर चालेल का, असं विचारतात. इतर माणसांना तेवढा सल्ला पुरतो. सिरॉसिसच्या पेशंटला मी तो देत नाही, कारण लाटेत आणि वाळूत पट्टीची कड कधी सुटते ते कळत नाही.

त्वचा पूर्ण बंद असेल तर? इथे मी आप्पांच्या बाजूने आहे. वाळूचा उघडा किनारा निवडा, खडकांचा किंवा खाडीच्या मुखाचा नको. पायात बंद बूट असू द्या, कॅनव्हासचे साधे चालतात, कारण कालवाची शिंपली खडकाला चिकटलेली पातीच असते. घोट्यापर्यंत पाणी, पाच-दहा मिनिटं, कुणीतरी हात धरून. नंतर गोड्या पाण्याने आणि साबणाने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करून पुन्हा एकदा बघा.

हे सगळं कुणाला किती लागू, ते आजाराच्या पायरीवर अवलंबून आहे. सोनोग्राफीत पहिल्या पायरीचं फॅटी लिव्हर निघालं आणि बाकी सगळं नॉर्मल आहे अशा माणसाला मी पाण्यात जायला अडवत नाही, कच्च्या शिंपल्या मात्र टाळायलाच सांगतो. सिरॉसिस असेल, त्यातून पोटात पाणी, कावीळ, रक्तात कमी अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते एक प्रथिन) असेल, तर वरचं एक-एक वाक्य लागू. त्यावर मधुमेह, किडनीचा आजार किंवा स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. अ‍ॅसिडिटीची पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर पोटातलं जंतू मारणारं आम्ल कमी असतं, तेही ध्यानात ठेवा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि ज्याला निदान झालेलं नाही पण वीस वर्षं रोज पितो, त्यानेही स्वतःला लिव्हरचा पेशंटच समजावं. आपल्याकडे असे खूप आहेत, ज्यांचं पहिलं निदान रक्ताची उलटी झाल्यावर होतं.

कुणी विचारेल, मग प्रकाशाला किंवा चांगदेवला तापीत स्नान केलं तर? गोड्या पाण्यात हा जंतू नसतो. पण एरोमोनास नावाचा दुसरा असतो, आणि सिरॉसिसच्या माणसाच्या जखमेत तोही जवळपास असाच वागतो. उघड्या जखमेचा नियम नदीला आणि धरणालाही तोच.

शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सगळं सांभाळूनही काही लागू शकतं. पाण्यात कापलं तर लगेच बाहेर. बाटलीतल्या स्वच्छ पाण्याची धार आणि साबण. हळद, तंबाखू, चुना, वाळू काही नाही. त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन, त्रास नसला तरी. सिरॉसिसच्या पेशंटला अशी जखम झाली तर मी लक्षणांची वाट न बघता अँटिबायोटिकचा विचार करतो, पण कोणतं आणि किती ते त्याची किडनी आणि बाकीच्या गोळ्या बघून ठरतं. त्यामुळे घरचं उरलेलं पाकीट देऊ नका.

जखमेतून संसर्ग झाला तर बहुतेकदा एका दिवसात दिसतो, खाण्यातून झाला तर एक ते तीन दिवसांत. लक्ष ठेवायचं ते असं : थंडी वाजून ताप, जखमेच्या मानाने फार जास्त दुखणं, तासातासाला चढणारी सूज किंवा लाली, जांभळा डाग, पाण्याचे किंवा काळसर फोड, जुलाब-उलट्यांबरोबर गळून जाणं, असंबद्ध बोलणं. खाण्यातून आलेल्या संसर्गातही फोड बहुतेकदा पायांवरच येतात, जखम नसताना, हे पाहून लोक गोंधळतात. ताप नसला म्हणून थांबू नका. नाडी शांत आहे म्हणूनही थांबू नका, कारण प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल घेणाऱ्याची नाडी आत आग लागली तरी धावत नाही. सिरॉसिसच्या माणसाचं ब्लडप्रेशर मुळातच कमी असतं, म्हणून निघण्याआधी आप्पांचं नेहमीचं ब्लडप्रेशर लिहून ठेवा. १०० चे ८५ झाले हे तुम्हालाच कळेल, नव्या डॉक्टरला नाही.

दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशी कोणतीही वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन नको. त्याने किडनी बसते आणि दुखणं झाकलं जातं. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा, आणि लगेच निघा. रेघेचं काम वाटेत आहे, हॉस्पिटलला पोचल्यावर लाली किती पुढे सरकली ते डॉक्टरला दाखवायला. सकाळ होऊ द्या, घरी जाऊन बघू, आपलेच डॉक्टर बरे, हे विचार त्या रात्री करू नका. दापोलीहून अमळनेर म्हणजे अख्खा दिवस, आणि या आजारात तेवढा वेळ मिळत नाही. १०८ ला फोन करा आणि ज्या हॉस्पिटलात सर्जन आणि आयसीयू दोन्ही आहेत तिथे जा. अशी दोन ठिकाणं आणि त्यांचे नंबर निघण्याआधीच शोधून ठेवा. उपचार आहे : शिरेतून सेफ्टाझिडिमसारखं अँटिबायोटिक, सोबत डॉक्सिसायक्लिन, आणि सडलेला भाग लवकर काढून टाकणं. पण ते पहिल्या काही तासांत सुरू व्हावं लागतं, आणि त्यासाठी समोरच्या डॉक्टरच्या मनात हा जंतू यावा लागतो. आमच्याकडे रोज सुजलेले पाय येतात. त्यातला हा वेगळा आहे हे दोन शब्दांनी कळतं : लिव्हर आणि समुद्र. माझ्या त्या पेशंटच्या बाबतीत पहिल्या दवाखान्यात हे दोन्ही शब्द कुणी उच्चारले नव्हते. विचारलेही गेले नव्हते.

म्हणून आप्पांसाठी एक चिठ्ठी तयार करा, मोठ्या अक्षरात : "मला लिव्हर सिरॉसिस आहे. मी अमुक तारखेला समुद्राच्या पाण्यात गेलो / शिंपल्या-मासे खाल्ले. व्हिब्रिओ संसर्गाची शक्यता तपासा. वेदनाशामक इंजेक्शन देऊ नका." खाली चालू गोळ्या, नेहमीचं ब्लडप्रेशर, तुमचा आणि डॉक्टरांचा नंबर. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ती आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा. बॅगेत नको, बॅग खोलीवर राहते.